चार बोटं, शहाण्णव फेरे

उमाशंकर टोकेकर हा माणूस मी जितका पाठमोरा पाहिला आहे तितका समोरून पाहिलेला नाही. देवासच्या आमच्या छोट्या कारखान्यात तारेचा विभाग म्हणून एक लांबट खोली आहे. तिच्या शेवटच्या टेबलाशी ते आमच्याकडे पाठ करून उभे असायचे. रिळावरची तार चाचणीसाठी काढायची वेळ आली की आधी दार लोटायचं, मग पंखा बंद, मग पाठ. कोपरं जराशी हलत आणि ओठांत काहीतरी पुटपुट चाले. चारपाच मिनिटांनी वळत तेव्हा बशीत तारेचं नीटनेटकं वेटोळं असे, दोन्ही टोकांना तांब्याच्या तुकड्याने बांधलेलं. कसं केलंत म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं होतं, "हो गया ना भिया, चलो पुढे."

हे भिया म्हणजे मी. मी वल्लरी मोघे, चुंबकत्वात डॉक्टरेट, चाचणी विभागाची प्रमुख आणि एकमेव कर्मचारी. माळव्यात भिया म्हणजे भाऊ, तो पुरुषालाच म्हणतात, हे टोकेकरकाकांना चांगलं ठाऊक होतं. पण पहिल्याच दिवशी मी त्यांना "ही पद्धत कुठे लिहिलेली आहे का?" असं जरा चढ्या आवाजात विचारलं होतं, त्याची शिक्षा म्हणून त्यांनी मला भिया केलं ते केलंच. खूश असले की बाई म्हणायचे. चार वर्षांत मी बाई फार थोड्या वेळा झाले.

आमची तार म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर काकांचा तोरा समजायचा नाही. काचेच्या नळीत धातूचा खडा ठेवायचा, तो वितळला की नळीचं मऊ झालेलं टोक धरून ओढायचं आणि लगेच पाण्याच्या धारेखाली न्यायचं. हाती येते ती केसाच्या निम्म्याने बारीक तार, आत धातू आणि वरून काचेचं पातळ अस्तर. धातू इतका झटकन गार होतो की त्याच्या अणूंना ओळीत उभं राहायला सवड मिळत नाही, जो जिथे असेल तिथे तो थिजतो. आणि त्यातच दुसरी भानगड असते. गार होताना धातूला जास्त आकसायचं असतं, काच त्याला तेवढं आकसू देत नाही. त्यामुळे आतली तार जन्मापासून ताणलेली राहते.

हा ताण म्हणजे आमचं भांडवल. त्याच्यामुळे तारेचं चुंबकत्व तिच्या लांबीच्या दिशेने सरळ पडून राहतं, आणि बाहेरून उलटा जोर लावला की ते हळूहळू न वळता एका झटक्यात कूस बदलतं. माझ्या पडद्यावर त्या वेळी एक टोकदार रेघ उठते. ती रेघ नेमकी कधी उठते यावर दाब आणि ताण मोजणारी यंत्रं बनवता येतात. तार हलकेच तापवली तर जास्तीचा ताण उतरतो आणि ती शहाण्यासारखी दर वेळी त्याच जागी कूस बदलते. जास्त तापवली तर मात्र सगळं मुसळ केरात. पाकात साखर बसते तसे आत दाणे धरतात, तार ठिसूळ होते आणि ती टोकदार रेघ जाते ती कायमची.

तर अशी ही तार काका अकरा वर्षं ओढत आणि हाताळत होते. वय एकसष्ट. अठ्ठावन्नलाच त्यांनी निवृत्त व्हायचं होतं, पण दर सप्टेंबरच्या शेवटी आमचे मालक भैयासाहेब मोहिते एका कागदावर सही करायचे की टोकेकरांना आणखी एक वर्ष. याचं कारण एकच होतं, ही तार दुसऱ्या कोणाला हाताळता येत नाही. काकांना हे कारण पक्कं माहीत होतं. म्हणून ती दुसऱ्या कोणाला येऊ नये याची ते काळजी घेत. दार, पंखा आणि पाठ यांचा अर्थ एवढाच होता.

मला त्यांचा राग यायचा आणि त्यांचं वागणं समजतही होतं. काकू जाऊन पाच वर्षं झाली होती आणि मुलगा मयुरेश बंगळुरात होता. "घरी बसून काय करू?" एकदा ते चहा घेताना म्हणाले होते. "टीव्ही लावला तर सगळे एकमेकांवर ओरडतात, बंद केला तर मी स्वतःशी बोलायला लागतो. इथे तार तरी ऐकते." हे त्यांनी हसत सांगितलं होतं, पण मी त्या दिवशी त्यांच्याशी भांडले नाही, इतकं ते खरं वाटलं होतं.

यंदा उन्हाळ्याच्या शेवटी पुण्याहून एक मोठी मागणी आली. आजवर आमची तार रिळावर गुंडाळून कच्चीच विकली जायची. पुण्याच्या लोकांना ती गरम इंजिनाजवळ लावायची होती, म्हणून भट्टीत तापवून, ताण उतरवून, दहा दहा सेंटिमीटरचे तुकडे करून हवी होती. नमुना म्हणून शंभर तुकडे, आणि शंभरही तुकड्यांची रेघ एकाच जागी उठली पाहिजे. भैयासाहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. त्यांचे पणजोबा दरबारात घोड्यांचा कारभार पाहायचे, त्यामुळे लगाम कधी खेचायचा हे या घराण्याला उपजत कळतं. ते म्हणाले, "तीन वेळा नमुना पाठवायची मुभा आहे. तीनही फेल झाले तर हा विभाग बंद करायचा असं मी ठरवलंय. वल्लरीबाईंना तांब्याच्या बाजूला घेऊ. टोकेकर, मग तुमच्या कागदाला काही अर्थ राहणार नाही."

"नमुना पास होईल, साहेब," काका म्हणाले. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

पहिला नमुना तीनशे अंशांवर एक तास तापवला. काकांनी पाठ करून वेटोळं बांधलं, भट्टीत ठेवलं, बाहेर काढलं, तुकडे केले. मी तपासले आणि कपाळाला हात लावला. एकाची रेघ इथे, दुसऱ्याची तिथे, काहींची तर रेघच नाही, नुसता उतार. कच्ची तार सुतासारखी सरळ वागत होती आणि भट्टीतून आलेली प्रत्येक तार आपापल्या मनाची राणी झाली होती.

मी माझी विद्वत्ता बाहेर काढली. ताण पुरता उतरला नाही, आच वाढवायला हवी, असा निष्कर्ष काढला. पुस्तकात बघून चारशे ऐंशी अंश ठरवले.

"दाणा धरेल," काका म्हणाले.

"पुस्तकात पाचशेच्या पुढे धरतो असं दिलंय."

"पुस्तकातली तार उघडी असेल. आपली काचेत आवळलेली आहे. ती आधीच कावलेली असते, भिया."

मी ऐकलं नाही. चारशे ऐंशीवरून निघालेली तार चिमट्यात धरली की मोडत होती, आणि पडद्यावर रेघेच्या जागी जाडजूड फुगवटा उठत होता. दाणा धरला होता. दुसरा नमुना असा माझ्या हातून गेला, आणि आता जे सांगणार आहे त्याची मला अजून लाज वाटते. अहवालात मी लिहिलं, 'तार ओढण्यात सातत्य नसल्याची शक्यता.' शक्यता हा शब्द घालून मी माझं मन शांत केलं. काकांनी तो अहवाल चष्मा पुसून दोनदा वाचला, घडी केला आणि खिशात ठेवला. त्यानंतर ते माझ्याशी बोलेनासे झाले. भियासुद्धा बंद.

ही गोष्ट श्रावण लागताना झाली, आणि त्यातून माझ्या घरी वेगळंच संकट उभं राहिलं. माझ्या बाबांना श्रावणीला जानवी लागतात ती धारच्या अक्कांच्याच हातची. या अक्का म्हणजे टोकेकरकाकांची थोरली बहीण. दर वर्षी काकाच ती आणून द्यायचे. यंदा बाबांनी फोन केला तर काका म्हणाले, "लेकीला पाठवा. त्यांना सगळंच येतं." बाबांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं की मी दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळीच बस धरली. इंदूरला बस बदलून धारला पोचेपर्यंत माझं डोकं चांगलंच तापलं होतं. माझ्यासोबत पिशवीत पहिल्या नमुन्यातली उरलेली तार होती आणि एक कागद होता, तो मी सबंध वाटभर मांडीवर पसरून बसले होते.

त्या कागदाचं असं होतं. शनिवारी मी पहिल्या वेटोळ्यातली न कापलेली तार सरळ केली आणि चुंबकत्व मोजणाऱ्या एका बारीक कॉइलमधून हळूहळू सरकवत तिची इंच इंच तपासणी केली होती. जवळजवळ सबंध तार उत्तम निघाली. मध्येच एक जागा बिघडलेली, मग पुन्हा उत्तम, मग पुन्हा एक बिघडलेली जागा. मी त्या जागांमधलं अंतर मोजलं तर दर वेळी साडेनऊ सेंटिमीटर. ओढण्यातला दोष इतका शिस्तीचा नसतो. तार ओढायच्या यंत्रात साडेनऊ सेंटिमीटर घेराचं एकही चाक नव्हतं, मी सगळी मोजून आले होते. हे साडेनऊ कुठून आलं ते कळत नव्हतं, आणि जे मला कळत नाही त्याच्यावर मी चिडते.

अक्का धारला बसस्टँडजवळ स्कूटरच्या सुट्या भागांच्या दुकानावर दोन खोल्यांत राहतात. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत, डोळ्यांची शस्त्रक्रिया झालेली आहे, आणि बोलायला लागल्या की खालच्या दुकानातला हॉर्न ऐकू येत नाही.

"मोघ्यांची ना तू? बैस. उमा का नाही आला?"

"रुसलेत."

"तुझ्यावर? मग तुझंच चुकलं असणार. तो माझ्यावर रुसतो तेव्हा माझंच चुकलेलं असतं. पण मी ते कबूल करत नाही ही गोष्ट निराळी." त्यांनी टकळी बाजूला ठेवली. "चार तयार आहेत, पाचवं होतंय. बाबांना पाच लागतात. जरा थांब, आणि आता बोलू नकोस, माझी मोजणी चुकेल."

त्यांनी डाव्या हाताची चार बोटं जुळवून पुढे धरली आणि त्यांच्याभोवती सूत गुंडाळायला लागल्या. ओठ हलत होते आणि कोपरं जराशी हलत होती. मी आधी सहज बघत होते, मग सरसावून बसले, आणि मग उठून त्यांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले. पाठीमागून तर खात्रीच पटली. ही पाठ मी चार वर्षं रोज बघत होते.

शहाण्णव फेरे झाल्यावर अक्कांनी श्वास सोडला. "हं, बोल आता. भूत बघितल्यासारखी काय उभी आहेस?"

"अक्का, हे काकांना येतं?"

"उमाला? मीच शिकवलं त्याला, सात वर्षांचा होता. आमच्याकडे देवळाचं काम, जानवी घरचीच. पण त्याला धड कधी आलं नाही. बोटं ही अशी जाड. शहाण्णव म्हणता म्हणता अठ्ठ्याण्णव करायचा, जानवं गुडघ्याकडे निघायचं." त्यांनी आवाज खाली आणला. "त्याला सांगू नकोस हं, पण त्याने केलेलं एकही जानवं मी कोणाला दिलेलं नाही. कापून वाती केल्या. त्याला वाटतं अर्ध्या धारने त्याची जानवी घातली."

मला हसू आवरेना. हसता हसता मी बोटाने त्यांच्या हातावरचं सूत दाखवलं. "आता याचं काय करणार?"

"भिजवायचं, ताणायचं, मग पीळ घालायचा. तसंच ठेवलं तर बोटांचं वळण राहतं ना त्यात."

मी पिशवीतून पट्टी काढली आणि अक्कांच्या चार बोटांना लावली. अर्धा फेरा आठ सेंटिमीटरला किंचित कमी. बाईमाणसाचा सडपातळ हात होता तो. जाड बोटांच्या माणसाचा साडेनऊ सहज भरला असता.

सगळं उलगडलं. रीळ प्लास्टिकचं, ते भट्टीत जाऊ शकत नाही. म्हणून काका, चाचणीसाठी नेहमी करायचे तसंच, तार रिळावरून काढून चार बोटांवर शहाण्णव वेळा गुंडाळत होते, घरच्या सवयीने, आणि ती विस्कटू नये म्हणून दोन्ही टोकं आवळून बांधत होते. जिथे तर्जनी आणि जिथे करंगळी, तिथे तारेला घट्ट वळण. कच्च्या मालात याने काही बिघडत नव्हतं, रिळावरची तार सोडली की सरळ होते. पण भट्टीत जाताना तार ज्या आकारात असते त्याच आकारात तिचा ताण उतरतो, तोच आकार तिला आपला वाटायला लागतो. मग आपण ती सरळ केली की दर साडेनऊ सेंटिमीटरवर तिला नवा ताण बसतो. आमचे दहा सेंटिमीटरचे तुकडे म्हणजे प्रत्येकात एक तरी वळण आलंच. दोष ओढण्यात नव्हता, धातूत नव्हता, काचेत नव्हता. जगातल्या दुसऱ्या कोणत्याही कारखान्यात ही चूक झाली नसती.

परतीच्या बसमध्ये मात्र माझा आनंद उतरला. हे काकांना सांगायचं कसं? ज्या हातामुळे त्यांच्या कागदावर दर वर्षी सही होते, दोष त्याच हातात आहे, हे सांगायचं होतं. शिवाय मी आधीच एक खोटा दोष त्यांच्यावर लिहून बसले होते.

सोमवारी मी ती तार टेबलावर सरळ ताणून चिकटवली आणि बिघडलेल्या जागांवर लाल खुणा केल्या. काकांना बोलावलं. ते आले, पण बोलणार नाही अशा चेहऱ्याने आले.

"काका, डावा हात द्या."

त्यांनी हात पाठीमागे नेला. "अक्काकडे गेला होतात?"

"हो."

"तिने काय सांगितलं?"

वातींचं मी गिळलं. "काही नाही. पाचवं जानवं माझ्यासमोर केलं."

ते लाल खुणांवर वाकले. मी काही समजावून सांगितलं नाही, आणि माझ्या स्वभावाला ते किती जड गेलं हे मलाच माहीत. मग त्यांनी आपणहून डाव्या हाताची चार बोटं जुळवली आणि दोन खुणांच्या मध्ये ठेवली. आजूबाजूला बोटांच्या जाडीपुरती जागा उरली. त्यांनी हात उचलून पुढच्या दोन खुणांवर ठेवला, मग त्याच्या पुढच्या. मला त्यांची फार दया आली.

"म्हणजे रिपोर्टात तुम्ही बरोबरच लिहिलं होतंत," ते म्हणाले.

"साफ चूक लिहिलं होतं. तुमची तार एक नंबर आहे. आणि दुसऱ्या वेळी दाणा धरला तो माझ्या अडेलपणामुळे. तो अहवाल मी आज बदलून भैयासाहेबांना दिलाय. त्यात माझं नाव आहे."

"आणि माझं?"

"गुंडाळण्याची पद्धत असं लिहिलंय."

"पद्धतीला हात असतात का?" त्यांनी माझ्याकडून पेन घेतलं, माझ्या प्रतीवर 'पद्धत' या शब्दाच्या शेजारी 'उ. शं. टोकेकर' असं जुन्या वळणाच्या अक्षरात लिहिलं, आणि ती प्रत स्वतः भैयासाहेबांच्या टेबलावर ठेवून आले.

तिसऱ्या नमुन्याची पद्धत ठरवायला वेळ लागला नाही. आधी तुकडे कापायचे, मग चिनी मातीच्या ताटलीतल्या बारीक खाचांत एक एक तुकडा सरळ निजवायचा, आणि तीनशे अंशांवर एक तास. हातात पंधरा दिवस होते. मी ताटली काकांपुढे सरकवली. त्यांनी ती परत माझ्यापुढे सरकवली.

"तुम्ही लावा."

"मी? मला दोरा सुईत घालता येत नाही."

"माझ्या हाताचा भरवसा नाही. बघा." त्यांनी रिळावरून तारेचं टोक काढलं, आणि खरोखरच त्यांची डावी चार बोटं आपोआप उभी राहिली. त्यांनीच दचकून ती मिटली.

"काका, गार तार वळली तरी काही होत नाही. भट्टीत सरळ असली की झालं. मी खात्रीने सांगते."

"याआधीही तुम्ही खात्रीने सांगितलं होतंत, भिया."

मी हिरमुसून ताटली ओढून घेतली. पण भिया परत आल्याचं बरं वाटलं.

त्या दिवशी त्या खोलीचं दार उघडं राहिलं. पंखा तेवढा बंद. काका माझ्या समोर खुर्ची घेऊन बसले आणि आपले दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली दाबून ठेवले. हात न वापरता शिकवायचं म्हणजे सगळं तोंडानेच, आणि त्यांच्या तोंडाला अकरा वर्षांचा उपास घडला होता.

"श्वास नाकाने. तोंडाने सोडलात, उडाली बघा."

"तार बघू नका, दिसणार नाही. तिच्यावरची चमक बघा."

"उजव्या हाताला फार घाई आहे. त्याला जरा बाहेर फिरवून आणा."

"दाबू नका भिया, भाजीवालीकडे भेंडी घेताय का? नुसती टेकवा. ती स्वतः खाचेत जाते. तिला जागा कळते."

पहिल्या दिवशी एकवीस मोडल्या, दुसऱ्या दिवशी सतरा. तिसऱ्या दिवशी मी चिमटा आपटला आणि म्हटलं की हे माणसाचं काम नाही. काका शांतपणे म्हणाले, "मलाही सुरुवातीला तेच वाटलं होतं. मी जिन्यात जाऊन बसलो होतो. तुम्ही जा, जिना मोकळाच आहे." मी जिन्यात जाऊन बसले आणि परत आले. चौथ्या दिवशी सलग नऊ तुकडे न मोडता निजले. दहाव्याला काका काही बोललेच नाहीत. मी वर पाहिलं तर ते खुर्चीत पुढे झुकून, तोंड उघडं ठेवून माझ्या बोटांकडे बघत होते, आणि त्यांचे हात केव्हाच मांड्यांखालून निघाले होते.

"बरोबर आहे का?" मी विचारलं.

"बाई," ते म्हणाले, "बोलू नका आता."

शंभर तुकडे भट्टीत गेले आणि शंभर बाहेर आले. मी एक एक तपासत गेले. रेघेवर रेघ, सगळ्या त्याच जागी. साठाव्या तुकड्यानंतर मी मोजणं सोडून दिलं आणि नुसती बघत राहिले, इतकं ते सुंदर होतं. पुण्याहून तीन दिवसांनी फोन आला की नमुना पास, मागणी पक्की.

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा होता. भैयासाहेबांनी आम्हाला बोलावलं. पेढे होते. टेबलावर तो कागद होता, आणि त्याच्यावर पेन आडवं ठेवलेलं होतं.

"विभाग चालू राहणार," भैयासाहेब म्हणाले. "शाबास. यावेळी तारा कोणी लावल्या?"

"बाईंनी," काका म्हणाले. "शंभरच्या शंभर. मी हात लावला नाही."

"खरंच?" भैयासाहेबांनी कौतुकाने माझ्याकडे बघितलं, मग कागदाकडे बघितलं, आणि पेन उचलून त्याला टोपण लावलं. "मग तर प्रश्नच मिटला. टोकेकर, आजवर दुसऱ्या कोणाला येत नव्हतं म्हणून तुम्हाला त्रास दिला. आता बाईंना येतं. तुम्ही सुखाने आराम करा."

काका म्हणाले, "जी साहेब." इतकंच. आवाजही बदलला नाही. मला त्या क्षणी कळलं की चिमटा माझ्या हातात दिला त्याच दिवशी त्यांना हे माहीत होतं. अकरा वर्षं पाठ करून राखलेली गोष्ट त्यांनी चार दिवसांत समोर बसून मला देऊन टाकली होती, आणि मी मूर्ख, भेंडीवरून चिडत होते.

"मला येत नाही," मी म्हटलं.

"काय?" भैयासाहेब म्हणाले.

"मला येत नाही, साहेब. तुक्का लागला. आधी कितीतरी मोडल्या, विचारा यांना." आयुष्यात मला एखादी गोष्ट येत नाही असं मी कोणासमोर म्हटलेलं नव्हतं. शाळेत असताना पोहता येत नव्हतं तरी येतं म्हणून पाण्यात पडले होते.

"येतं त्यांना," काका तडकले. "शेवटच्या दिवशी एकही नाही मोडली."

"काका समोर होते म्हणून. ते नसले की हात थरथरतो."

"कुठे थरथरतो? हात असा आहे साहेब, की आमच्या घराण्यात नाही."

"मला खाच दिसत नाही."

"खाच बघायचीच नसते! चार दिवस मी काय सांगत होतो?"

"बघा साहेब, मी तेवढंही विसरले."

"झूठ बोलतायत! सरासर झूठ!"

बाहेरून कोणीतरी दारात डोकावून गेलं. भैयासाहेबांनी दोन्ही हात वर केले. "अरे यार, कचेरी आहे की मंडई? टोकेकर, त्यांना पक्कं येईपर्यंत तुम्ही थांबा. एक वर्ष. आणि आता दोघंही निघा इथून." त्यांनी टोपण काढलं, सही केली आणि पेढ्यांचा डबा आमच्या हातात देऊन दार लावून घेतलं.

जिन्यात काका माझ्यावर उखडले. "माझ्या शिकवण्याला कमीपणा आणलात. भैयासाहेब आता काय म्हणतील? टोकेकराला धड शिकवतासुद्धा येत नाही?" पेढा न घेताच ते खाली उतरले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी खोलीत गेले तर ताटली माझ्या टेबलावर होती, पंखा बंद होता आणि काका समोरच्या खुर्चीत हात मांड्यांखाली घालून बसले होते.

"नाही येत ना?" ते म्हणाले. "मग बसा. पहिल्यापासून घेऊ. श्वास नाकाने."

मी चिमट्यात तार उचलली. ते सगळं पुन्हा सांगायला लागले, तेच शब्द, तीच चमक, अगदी पहिल्या दिवसासारखं, जणू मला खरोखरच काही येत नव्हतं आणि पुढे सबंध वर्ष पडलं होतं. मला एकदम भरून आलं, चिमटा जरा जास्तच दाबला गेला आणि तार मोडली.

"बघा," मी म्हटलं, "नाहीच येत."